वाचक विचारतात : लहान होडी, हातडॉली आणि पाण्याची कड

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच वस्तूभोवती फिरतात. ती म्हणजे होडी ठेवून हाताने ओढत पाण्यापर्यंत न्यायची दोन चाकांची गाडी. कुणी तिला डॉली म्हणतं, कुणी ट्रॉली. होडीवर हजारो रुपये खर्चणारी मंडळी डॉलीकडे बघत नाहीत. आणि होडीच्या तळाला पडणाऱ्या भेगांचं, पोचांचं मूळ पुष्कळदा पाण्यात नसतं, ते किनाऱ्यावरच्या त्या पन्नास पावलांत असतं. म्हणून या अंकात फक्त डॉलीच.

प्रश्न : आमच्याकडे लेझर जातीची एकशिडी होडी आहे. डॉलीवरून जाताना काही अडचण येत नाही. परत येताना सपाटीवरही ठीक, पण रॅम्पवर चढवायला लागलं की दांडा हातातून वर उसळतो आणि होडीची मागची बाजू काँक्रीटवर आपटते. डॉली सदोष आहे का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : डॉली बहुधा ठीक असावी. होडी तिच्यावर नीट बसलेली नसते किंवा होडीत पाणी असतं, बऱ्याचदा दोन्ही.

हिशेब करून बघा. लेझरचा (आता तिला इल्का म्हणतात) नुसता सांगाडा ५९ किलोचा. डोलकाठी, शीड, सुकाणू धरून ८० किलो समजू. या साऱ्या वजनाचा तोल जिथे येतो तो बिंदू ॲक्सलच्या २० सेंटिमीटर पुढे असावा आणि तुमचा हात ॲक्सलपासून अडीच मीटरवर असावा, असं धरा. मग हातावर ८० × २० ÷ २५०, म्हणजे साडेसहा किलोच्या आत भार येतो. हे उत्तम. ५ ते ८ किलो भार असेल तर दांडा खाली राहतो आणि मनगटही दुखत नाही. १२ किलोच्या वर गेला की माणूस शंभर पावलांत थकतो.

आता रॅम्प. आठास एक चढ असेल आणि तोलबिंदू ॲक्सलपेक्षा ६० सेंटिमीटर उंच असेल, तर तो चढावर मागच्या बाजूला ६० ÷ ८, म्हणजे साडेसात सेंटिमीटर सरकतो. पुढे उरतात साडेबारा. आता होडीत ८ लिटर पाणी आहे असं समजा. अर्धी बादली फक्त. नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचललं की हे पाणी मागे धावतं आणि ॲक्सलच्या दीड मीटर मागे साठतं. त्याचा जोर ८ × १५० = १२००. त्याला तोलून धरणारा जोर ८० × १२.५ = १०००. दांडा उसळणारच. सपाटीवर मात्र धरून ठेवणारा जोर ८० × २० = १६०० असतो, म्हणून तिथे काहीच जाणवत नाही. तुमच्या पत्रात नेमकं हेच आलं आहे.

दुसरं कारण अधिक नेहमीचं. पाण्यात घाईने होडी डॉलीवर चढवताना नाळ पुढच्या ठोकळ्याला टेकत नाही आणि होडी १५ सेंटिमीटर मागेच राहते. मग २० सेंटिमीटरपैकी ५ उरतात, रॅम्पवर तेही जातात आणि थेंबभर पाणी नसतानाही दांडा उडतो.

उपाय असा. होडी डॉलीवर बरोबर बसलेली असताना पाळण्याच्या, म्हणजे होडीचा तळ ज्यावर टेकतो त्या आधाराच्या रेषेत होडीच्या कडेवर रंगीत चिकटपट्टीची खूण करा. पाण्यातून घेताना खूण जुळली की नाळेचा दोर दांड्यावरच्या खुंटीला ताणून बांधा. चाकं पाण्याबाहेर येताच थांबा, मागचं बूच उघडा, पाणी वाहून जाऊ द्या, मगच पुढे चढा. सुकाणू काढून पुढे ठेवा. इतकं करूनही उसळत असेल तरच ॲक्सल ८-१० सेंटिमीटर मागे सरकवा. आणि बूच उघडल्यावर दर वेळी लिटरच्या लिटर पाणी निघत असेल, तर होडी कुठेतरी गळते आहे. तो शोध आधी घ्या.

प्रश्न : पुळणीत चाकं रुततात. दोन माणसांना होडी हलत नाही. मोठी चाकं लावावीत की रुंद?
— एक वाचक, मुरुड

उत्तर : रुंद, आणि हवा कमी. चाकाचा व्यास वाढवून फायदा होतो, पण वाळूत खरा फरक पडतो तो चाक जमिनीवर किती पसरतं याने.

एका चाकावर ४० किलो भार आहे. टायरमध्ये १० पीएसआय हवा असेल तर तो भार पेलायला साधारण ५७ चौरस सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे बोटांसकट पंजाच्या निम्म्याहून कमी. हवा ४ पीएसआय केली की तीच जागा १४० चौरस सेंटिमीटरच्या वर जाते. वाळूवरचा दाब त्या प्रमाणात उतरतो आणि चाक वाळू फाडत जाण्याऐवजी तिच्यावरून जातं.

अडचण अशी की आपल्याकडे सहज मिळणारं चाक म्हणजे रिक्षाचं ४.००-८. त्याच्या भिंती जाड असतात, त्यामुळे हवा कमी करूनही तो फारसा पसरत नाही. शिवाय हवा फारच कमी केली तर टायर रिमवर सरकतो, आतली ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि वॉल्व्हच्या मुळाशी फाटते. रिक्षाच्या टायरला ८ ते १० पीएसआय ही खालची मर्यादा समजा. रॅम्प, घट्ट ओली वाळू, मातीचा रस्ता यांना तो पुरतो. कोरड्या भुसभुशीत पुळणीसाठी मऊ प्लास्टिकची फुगीर बलून चाकं घ्यावी लागतात. ती २ ते ४ पीएसआयवरच चालवायची असतात. महाग आहेत, पण रोज वाळू तुडवायची असेल तर कंबरेपेक्षा स्वस्त.

या चाकांबाबत दोन गोष्टी जपा. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीने ती कधीच भरू नका. दोन सेकंदांत फुटतात. हातपंप घ्या, आणि अंगठा जोरात दाबल्यावर चाक सहज दबेल इतकीच हवा ठेवा. दुसरं ऊन. सकाळी ३ पीएसआय भरलेलं चाक दुपारी ३० अंशांनी तापलं तर आतला दाब पावणेपाचच्या आसपास जाऊ शकतो, कारण वाढ मोजायची ती वातावरणाचा १४.७ धरून एकूण दाबावर. चाकं सावलीत ठेवा, निदान वर ओलं पोतं टाका.

एक फुकटचा उपायही आहे. कोरड्या वाळूतून सरळ खाली जाण्यापेक्षा आधी पुळणीचा सर्वांत अरुंद कोरडा पट्टा शोधा, तो ओलांडा आणि मग ओल्या वाळूवरून हवं तिकडे जा. अंतर दुप्पट झालं तरी श्रम कमी पडतात. आणि रुतलेली डॉली पुढे रेटू नका. अर्धं पाऊल मागे घ्या, वळवा, मग ओढा.

प्रश्न : बलून चाकं घेतली, वाळूचा प्रश्न मिटला. आता डॉली पाण्यात बुडतच नाही, होडीखाली सरकवायची कशी?
— एक वाचक, मालवण

उत्तर : ४० सेंटिमीटर व्यासाच्या रुंद बलून चाकात २० लिटरच्या आसपास हवा मावते. दोन चाकं मिळून ४० किलो उचलतात आणि तुमची डॉली १५ किलोची. ती तरंगणारच. चाकात पाणी भरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वाळूतून ते सगळं वजन तुम्हालाच ओढायचं आहे.

डॉली खोल नेऊ नका. चाकं जमिनीला टेकलेली राहतील इतक्याच, म्हणजे पोटरीभर पाण्यात उभी करा. एकाने ॲक्सलवर पाय देऊन ती दाबून धरावी, दुसऱ्याने नाळ पाळण्यावर चढवावी. होडीचं वजन येऊ लागलं की डॉली आपोआप बसते. मग दोर ओढत होडी पुढे घ्या. पाईपची तोंडं बंद असतील तर ॲक्सलच्या नळीला खालून भोकं पाडा, म्हणजे तेवढी हवा तरी निघेल.

प्रश्न : मुलांना ऑप्टिमिस्ट होड्या शिकवायच्या आहेत. मुलं दहा-बारा वर्षांची. पाण्यात उतरवण्याची पद्धत क्रमाने सांगा. दुपारी वारा समुद्राकडून येतो.
— शिबिराच्या तयारीतली एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : ऑप्टिमिस्ट २.३६ मीटर लांब आणि ३५ किलोची. एका डॉलीला दोन मुलं पुरतात, तिसरं मूल डॉली परत आणायला.

डॉलीवर असतानाच तिन्ही हवेच्या पिशव्या फुगलेल्या आणि पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या आहेत ना, हे हात लावून बघा. पाणी उपसायचं भांडं दोराने होडीला बांधलेलं हवं. तळातून पाण्यात सोडायची फळी आणि सुकाणू होडीत आडवी ठेवा, बसवू नका. ऑप्टिमिस्टचं सुकाणू वर उचलता येत नाही; उथळ पाण्यात बसवलं तर तळावर आपटून त्याच्या खिट्ट्या उपटतात.

डॉली मागच्या टोकाने पाण्यात जाते, दांडा किनाऱ्याकडे. मुलं दांड्याशी आणि दोन्ही बाजूंना. होडीच्या मागे, उताराच्या बाजूला, कुणीही उभं राहायचं नाही. हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळायला लावा.

खोली किती लागेल हे आधी मोजा. पाळणा जमिनीपासून ३५ सेंटिमीटर उंच असेल आणि रिकामी होडी १०-१२ सेंटिमीटर बुडत असेल, तर ती सुटायला जवळपास अर्धा मीटर पाणी हवं. मोठ्यांना ते गुडघ्याच्या जरा वर येतं, दहा वर्षांच्या मुलाला मांडीपर्यंत. लाट असेल तर छातीपर्यंत उडतं. म्हणून मुलांसाठी डॉली बुटकी निवडा. पाळणा २० सेंटिमीटर खाली आणला तर पाणीही तितकंच कमी लागतं.

होडी तरंगली की नाळेचा दोर सोडा, डॉली खालून ओढून घ्या आणि तिसऱ्या मुलाकडे द्या. होडी अडली तर ढकलू नका. मधला पट्टा सोडायचा राहिला आहे का ते आधी बघा. अडण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

आता वारा. समुद्राकडून वारा असताना होडी मागच्या टोकाने पाण्यात जाते, म्हणजे वारा मागून येतो आणि उभारलेलं शीड भरू लागतं. ऑप्टिमिस्ट आणि लेझर यांच्या डोलकाठीला ताणदोर, म्हणजे तिला बाजूंनी ताणून धरणारे दोर नसतात, त्यामुळे शिडाचा दोर पूर्ण मोकळा सोडला की शीड पुढच्या बाजूला फडफडत राहतं. दोराच्या टोकाची गाठ मात्र सोडलेली हवी, नाहीतर शीड अर्ध्यावर अडतं आणि होडी मुलांसकट किनाऱ्याकडे धावते. ४२० सारख्या होडीला ताणदोर असतात, त्यांना आडकाठी, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी अडते. तिचं मोठं शीड होडी पाण्यात नेऊन नाळ वाऱ्याकडे वळवल्यावरच चढवा. ऑप्टिमिस्टही तरंगताच नाळ समुद्राकडे वळवून एकाने धरून ठेवावी. दुसरं मूल आत बसून सुकाणू बसवेल, फळी जितकी जाईल तितकी खाली सोडेल.

परत येताना नियम उलटा लावा. लाटा असतील तर होडी आणि किनारा यांच्या मध्ये कुणी उतरायचं नाही. पाण्याने भरलेल्या ऑप्टिमिस्टचं वजन रिकाम्या होडीच्या कितीतरी पट असतं आणि लाट ती थेट पायांवर आणून टाकते. समुद्राच्या बाजूला उतरा, आधी पाणी उपसा, मग डॉली मागवा.

प्रश्न : डॉली किनाऱ्यावर ठेवून गेलो, परत आलो तर नव्हती. चोरी नाही, भरतीने नेली. किती वर ठेवावी?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : सुकलेला कचरा आणि शिंपल्यांची जी सर्वांत वरची रेघ दिसते, तिच्याही वर. तुम्ही दोन तासांसाठी जात असाल तरीही.

मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. दक्षिणेकडे तो कमी होत गोव्यात साधारण २ मीटरवर येतो. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत एकूण चढ बारा भागांत वाटला तर पहिल्या तासात १ भाग, मग २, ३, ३, २ आणि शेवटी १. चार मीटरच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी एकेक मीटर चढतं. किनाऱ्याचा उतार विसास एक असेल तर पाण्याची कड एका तासात २० मीटर आत येते. उतार पन्नासास एक असेल तर ५० मीटर. ओहोटी संपताना दूर दिसणारं पाणी म्हणूनच फसवतं.

कोकणातला जुना हिशेब अजून कामाचा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही. पण होडी काढायच्या दिवशी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातली तुमच्या बंदराची वेळच धरा.

वेळ निवडणं हातात असेल तर अर्ध्या भरतीला निघा आणि भरती पूर्ण होण्याच्या आसपास परत या. परतताना माणूस दमलेला असतो आणि ओढायचं अंतर तेव्हाच सर्वांत कमी हवं.

प्रश्न : तयार डॉली परवडत नाही. गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेऊ का? पीव्हीसी पाईपची चालेल?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : करून घ्या, पण पीव्हीसीची नको. उन्हाने तो पाईप ठिसूळ होतो आणि टी-जोडाशी तडकतो, तोही होडी वर असताना.

सव्वा इंची मिडियम क्लास जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप घ्या. हा मीटरला ३ किलोच्या थोडा वर भरतो. ॲक्सल, दांडा आणि पाळणा मिळून ५ मीटर लागला तर १६ किलो. दोन चाकांमधलं अंतर होडीच्या रुंदीच्या तीन-चतुर्थांशाएवढं ठेवा. त्याहून कमी ठेवलं तर डॉली खड्ड्यात कलंडते. दांड्याची लांबी ठरवण्याआधी होडी गादी घातलेल्या आडव्या बांबूवर ठेवून तोलबिंदू शोधा. ही पायरी गाळून केलेली डॉली नंतर कापावी लागते.

जस्ताचा थर असलेल्या जागी थेट वेल्डिंग करू नये. धूर विषारी असतो. जोडाची जागा आधी घासून घ्यायला सांगा, नंतर तिथे झिंक रंगाचे दोन हात. काळ्या, म्हणजे जस्त नसलेल्या पाईपची डॉली करून संपूर्ण गॅल्व्हनाइझ करून (वितळलेल्या जस्तात बुडवून) घेता आली तर ती अनेक वर्षं टिकते. मात्र प्रत्येक बंद नळीला आधी भोकं हवीत, नाहीतर वितळलेल्या जस्तात आतली हवा आणि ओल तापून नळी फुटते.

चाकात छऱ्यांचं बेअरिंग घालू नका. खाऱ्या पाण्यात एका हंगामात ते गंजून अडकतं. २० मिलिमीटर स्टेनलेस सळईवर एचडीपीई प्लास्टिकचा बुश बसवा. नायलॉनचा बुश पाणी पिऊन फुगतो. तोच मिळाला तर अर्धा मिलिमीटर सैल ठेवा. ग्रीस लावू नका, त्यात वाळू चिकटून पॉलिश पेपरसारखं काम करते. बाहेरून रुंद वायसर आणि स्टेनलेस स्प्लिट पिन. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर स्टेनलेस सळई आणि तिच्यामध्ये प्लास्टिकची नळी घाला, नाहीतर खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जाईल.

पाळण्यावर सतरंजी किंवा कार्पेट बांधायची पद्धत सोडा. त्यात वाळू अडकते आणि तळ दर फेरीला खरवडतो. जुना फायर होज उभा चिरून गुंडाळा. लेझरसारख्या होडीचा तळ पातळ असतो, तो दोन बिंदूंवर टेकवला तर पोचे पडतात. तिला काठांवर पेलणारी, मध्ये ५० मिलिमीटरचा पॉलिस्टर पट्टा नवारीसारखा ताणलेली डॉली करा.

प्रश्न : कयाकच्या (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या) तळाच्या भोकांत दोन खुंट्या घालायची छोटी गाडी मिळते. घ्यावी का?
— एक वाचक, वाई

उत्तर : सपाट, कमी अंतरासाठी चालेल. खडबडीत वाटेवर ३० किलोच्या कयाकचं सगळं वजन त्या दोन भोकांच्या कडांवर आपटतं आणि तिथे तडा जातो. त्यात सामान भरून ओढलं तर लवकरच. आम्ही पट्ट्याने बांधायची पाळण्याची गाडी सुचवू. कयाक तिच्यावर उन्हात बांधून ठेवू नका; तापलेलं पॉलिथिलीन पाळण्याच्या आकारात दबतं.

कयाक धरणावर नेत असाल तर आणखी एक. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की काठची चिकणमाती चाकांना थापली जाते आणि चाक फिरायचं थांबतं. तिथे रुंद चाकही हरतं. जुन्या कन्व्हेयर बेल्टचे किंवा प्लायवूडचे दोन-दोन मीटरचे तुकडे चाकांखाली आळीपाळीने टाकत जा.

प्रश्न : डॉली स्कूटरमागे बांधून दोन किलोमीटर नेली तर?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नेऊ नका. तिला स्प्रिंग नाही, दिवे नाहीत, आणि प्लास्टिकचे बुश त्या वेगाला वितळतात. डॉलीसकट होडी टेम्पोत चढवा.

प्रश्न : पावसाळ्यात होडी डॉलीवरच ठेवली तर काय बिघडतं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : चार महिने एकाच जागी भार राहिल्याने टायर चपटे होतात आणि पाळण्याखाली ओल धरून तळाच्या रंगाला फोड येतात. होडी उलटी करून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, बूच काढून ठेवा आणि दोन ठिकाणी जमिनीतल्या खुंट्यांना बांधा; जूनच्या वाऱ्यात ३५ किलोची होडी सहज उडते. डॉली गोड्या पाण्याने धुवा, चाकं सळईवरून काढा, बुशमधली वाळू कापडाने पुसा, स्प्लिट पिना एका डबीत भरून डबी दांड्यालाच बांधा. नारळी पौर्णिमेनंतर त्या शोधत बसावं लागणार नाही.